नवमीचं बोलावणं

पितृपक्षात कापडाच्या दुकानाकडे कुत्रंही फिरकत नाही, हे जबलपूरच्या व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. नवं काही घ्यायचं नाही म्हणून गिऱ्हाईक घरात, आणि पुढे नवरात्र-दिवाळीची झुंबड उडणार म्हणून मालक दुकानात. रंग काढायचा, कपाटं हलवायची, बिघडलेलं दुरुस्त करायचं ते याच पंधरवड्यात. तेव्हा अवंतिका भर दुपारी मदन महालच्या घरून रिक्षा करून गोरखपूर बाजारातल्या आपल्या साड्यांच्या दुकानाकडे निघाली, यात वरवर पाहता काहीच वावगं नव्हतं. स्क्रीनवाला अनुपम यायचा होता. त्याच्याकडून नवरात्रीच्या जाहिराती चढवून घ्यायच्या होत्या. घरातून निघताना तिनं एवढंच सांगितलं होतं.

फक्त तो दिवस अविधवा नवमीचा होता.

"काहून गं, आजच?" तिच्या सासूबाई, अनसूयाबाई, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या होत्या. "शेजारची नंदा येऊन राहिली जेवायला, दीपाच्या नावाची सवाष्ण म्हणून. तिची ओटी कोण भरणार?"

"तुम्ही भरा ना, आई. अनुपमजींना आजचाच वेळ आहे."

"माझ्यासारख्या विधवेच्या हातची चालत नाही. माहीत आहे तुला."

अवंतिकानं पायात चप्पल सरकवली आणि जिना उतरली.

दीपा म्हणजे अवंतिकाच्या नवऱ्याची, श्रीरंगची, पहिली बायको. तापाचं निमित्त झालं आणि भरल्या कपाळानं गेली. अशी बाई नवऱ्यामागे राहत नाही, नवऱ्याआधी जाते, म्हणून तिचं श्राद्ध या नवमीला करायचं. तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, आणि घरात दुसरी आली असेल तर तिनं आपल्या हातानं वाढायचं, ओटी भरायची. वर्षातून एक दिवस आधीचीला मान द्यायचा आणि उरलेलं वर्ष आपलं घर आपण सांभाळायचं, असा हा सरळ व्यवहार. लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला अवंतिकानं तो निमूटपणे केला होता. यंदा तिला तो करवेना. त्याला कारण झाला होता एक आवाज.

झालं होतं असं. दीपा असताना श्रीरंगनं दुकानात बोलणारे पाच स्क्रीन बसवले. दारापासून गल्ल्यापर्यंत ओळीनं. गिऱ्हाईक समोर आलं की सेन्सर ओळखायचा, स्क्रीनवर साडी नेसलेली बाई हात जोडायची आणि आवाज सुरू व्हायचा. आधी साधे स्पीकर होते. पाच बायका एकदम बोलायला लागल्या की दुकानाचा मासळीबाजार व्हायचा, आणि दिवसभर तेच तेच ऐकून दुकानातल्या मुलींची डोकी उठायची. मग अनुपमनं प्रत्येक स्क्रीनसमोर छताला काचेचा एक घुमट टांगला. त्याच्या बरोबर खाली उभं राहिलं तर आवाज ऐकू येतो, दोन पावलं बाजूला झालं की काही नाही. नळाखाली उभ्या राहिलेल्याचंच अंग भिजावं, तसं.

आणि त्या पाचही घुमटांत आवाज दीपाचा होता. तिनं हौसेनं, डोक्यावरून रजई घेऊन, घरीच भरून दिलेला. "आइए दीदी, आपकी ही राह देख रहे थे। बैठिए, आराम से देखिए। जो मन को भाए, ले जाइए, सब आपका ही है।" हा दारातला; शेवटचं वाक्य मात्र पाचही स्क्रीनवर होतं. मधल्या, चंदेरीच्या स्क्रीनवर वाक्याच्या शेवटी ती जरासं हसली होती. अनुपम ते कापायला निघाला होता, श्रीरंगनं कापू दिलं नव्हतं.

आता बघा, अवंतिकाचं दुखणं काय होतं. तीही काही मुकी नव्हती. शहपुऱ्याच्या शाळेत दहा वर्षं शिकवलेली, गणेशोत्सवात मंडळाचं सूत्रसंचालन करायची, माइक हातात घेतला की लोक गप्पा थांबवायचे. लग्न उशिरा झालं, बिजवराशी झालं, तेही तिनं आनंदानं पत्करलं. पण रोज सकाळी दुकानात पाऊल टाकलं की तिच्याच दुकानात तिला पाहुणी समजून ती मेलेली बाई म्हणणार, आइए दीदी. बायका खरेदी झाल्यावर हिच्या हातात हात घेऊन म्हणणार, भाभी, आपकी आवाज़ कितनी मीठी है. ती पहिल्यांदा म्हणाली, माझा नाही तो. मग म्हणायचं सोडून दिलं. नुसती हसायची आणि आतून करपायची.

हेही तिनं गिळलं असतं. श्रीरंगचं गिळता येईना. तो रोज पूजेआधी मधला स्क्रीन पुसायचा. इतर चार पुसायला मुली होत्या, हा मात्र त्याच्याच हातानं. फडका एका जागी फिरत राहायचा, मान किंचित वर, आणि ओठ हलायचे. काय म्हणायचा ते तिला कळायचं नाही आणि काय ऐकायचा तेही नाही, कारण ती घुमटाबाहेर असायची. एकदा ती मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तो दचकला, "चलो, उशीर झाला," म्हणाला आणि बाजूला झाला. तिच्याशी लग्न करून दोन वर्षं झाली होती आणि तिच्या बोलण्यावर त्याचे ओठ असे कधी हलले नव्हते.

"आवाज बदलू या," ती त्याला म्हणाली होती. "मी भरून देते."

"काहून? चांगला तर आहे."

"माझा चांगला नाही?"

"तसं नाही गं," तो म्हणाला, आणि पेपर वर केला.

म्हणून तिनं नवमीचा दिवस धरला. श्रीरंग घरी श्राद्धात अडकलेला, मुलींना सुट्टी, शटर अर्धं खाली. अनुपमनं लॅपटॉप जोडला. आवाज घुमू नये म्हणून तिनं ट्रायल रूममध्ये चारी बाजूंनी साड्या टांगल्या आणि आत उभी राहून एकेक वाक्य भरलं. शब्द जुनेच ठेवले. मधल्या स्क्रीनच्या वाक्याला तिनं हसूही लावून पाहिलं, पण ते खोकल्यासारखं निघालं. शेवटी ते तिनं सोडून दिलं.

"मैडम, पुरानी आवाज़ एक तरफ रख लूँ? भैया पूछेंगे."

"नहीं. कुछ मत रखिए."

अनुपमनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. इतकी वर्षं नांदलेला आवाज गेला, एवढंसंही काही वाजलं नाही. मग त्याला एक वायर कमी पडली, ती आणायला तो बाहेर गेला.

अवंतिका दाराशी गेली, पहिल्या घुमटाखाली उभी राहिली. आइए दीदी, आपकी ही राह देख रहे थे. स्वच्छ, खणखणीत, स्वतःचा आवाज. तिला इतकं बरं वाटलं की तिनं रिकाम्या दुकानात त्याच्याबरोबर तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. जो मन को भाए, ले जाइए, सब आपका ही है. मग आत येऊन ती गल्ल्यावर बसली. नव्या रंगाचा आणि कांजीचा वास कोंडला होता. पंखा हवा ढवळत होता, थंड करत नव्हता. बाहेर रस्ता ऊन पिऊन गप्प पडला होता.

दारातला स्क्रीन उजळला.

कोणी आलं असेल म्हणून तिनं मान वर केली. अर्ध्या शटरखालून उन्हाचा पट्टा आत आला होता, त्यात सावली नव्हती. स्क्रीनवरची बाई हात जोडून, ओठ हलवून बोलत होती. इतक्या लांबून तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मांजर असेल, ती मनाशी म्हणाली. बाईचं बोलणं संपलं, स्क्रीन मावळला.

आणि दुसरा उजळला.

तो माहेश्वरीचा. तिथे वेळ लागला, एखादी बाई काठ बघत रेंगाळते तेवढा. मग तोही मावळला आणि मधला पेटला. तो मात्र विझेचना. वाक्य संपायचं, बाई हात जोडायची, पुन्हा पहिल्यापासून. समोर कोणी उभं असेल तरच तसं होतं, हे अवंतिकाला ठाऊक होतं. समोर घुमट होता आणि घुमटाखाली फरशी.

त्याच वेळी वास आला. ऊन भातावर तूप ओतल्याचा. घरी पान मांडलं की येतो तो. इथे, साड्यांच्या दुकानात.

फोन वाजला तेव्हा ती अख्खी हलली. अनसूयाबाई होत्या, कुजबुजत बोलत होत्या.

"अवंतिका... नंदाला घास उतरेना गं. ताट वाढलं, पहिला घास हातात धरून बसली, आणि म्हणते... इथं कोणी नाही हो. दरवर्षी असतं, आज नाही. तशीच उठून गेली."

"आई, मी... मी करते नंतर फोन."

"थांब. तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग हसून कोण राहिलं?"

तिनं फोन खाली ठेवला. मधला स्क्रीन मावळला होता. चौथा उजळला, शालूंचा, आणि लगेच मावळला. आलेलीला शालूंत रस नव्हता. आता उरला पाचवा, गल्ल्याला लागून. त्याच्या घुमटाची कड अवंतिकाच्या खुर्चीवर येत होती. पळायचं तर त्याच्या खालूनच पळावं लागणार होतं. ती बसून राहिली. स्क्रीन पेटला, आणि या वेळी कडेवर असल्यामुळे तिला ऐकू आलं, तिचाच आवाज, पुसट, कोणाला तरी आर्जवानं सांगत होता... जो मन को भाए, ले जाइए...

तिनं डोळे मिटले. तिच्या गळ्याला काहीतरी गार लागलं. शिंपीण पोलक्याचं माप घेताना गळ्याभोवती फीत धरते, तितकंच हलकं, तितक्याच सवयीचं. एक फेरा झाला, आणि सुटला.

शटर खडखडत वर गेलं. अनुपम वायर घेऊन आला होता. पाचही स्क्रीन काळे होते.

"सेंसर अपने आप चल रहे हैं," ती कशीबशी म्हणाली.

अनुपमनं चमकून इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणी दुसरंच बोललं. मग म्हणाला, "गर्मी में हो जाता है, मैडम." पण काम मात्र त्यानं घाईघाईनं उरकलं.

संध्याकाळी ती घरी आली. अनसूयाबाई देवापुढे वाती वळत बसल्या होत्या, त्यांची पाठ दाराकडे होती.

"आई, मी आले."

वातीवरचा हात थांबला. म्हातारी वळली नाही. "कोण?" तिनं विचारलं.

"मी. अवंतिका."

तोवर श्रीरंग आतल्या खोलीतून धावत आला होता. टॉवेल खांद्यावर, चेहरा असा उजळलेला की अवंतिकाला एक क्षण सगळं विसरायला झालं. त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर नीट पोचली आणि उजेड कमी झाला, पण गेला नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही... बोल ना," तो म्हणाला. "काहीही बोल."

तिच्या स्वतःच्या कानाला तिचाच आवाज येत होता. म्हणून तिला कळायला उशीर लागला. रात्रीची भांडी आवरताना सासूबाईंनी तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, तिच्या तोंडून दीपा बोलून राहिली आहे. शब्द अवंतिकाचे, आवाज दीपाचा. तसाच, किंचित नाकातला, शेवटी हेलकावणारा.

"दुकानात तू काय केलंस, ते मला सांग."

अवंतिकानं सांगितलं. जुना आवाज पुसला, नवा भरला, दारात उभं राहून मोठ्यानं म्हणूनही पाहिला. कोणते शब्द, तेही सांगितलं.

अनसूयाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरात तिचं पान मांडलेलं," त्या म्हणाल्या. "आणि तू तिकडे, आजच्या दिवशी, तिला हाक मारलीस. ये म्हणालीस. तुझीच वाट बघून राहिले म्हणालीस. आवडेल ते ने म्हणालीस. सवाष्णीनं सवाष्णीला बोलावलं... ती घरी कशाला येईल जेवायला? तिकडेच गेली. आणि तिला आवडलं ते तिनं घेतलं."

"मी साड्यांबद्दल म्हणत होते, आई."

"हो गं. पण साडी तिला आपण दरवर्षी देतोच."

सर्वपित्रीला पुन्हा पान मांडू, असं ठरलं. नंदाकाकूंना बोलावणं गेलं. त्या दारातूनच परत फिरल्या. आत डोकावून त्यांनी फक्त हात जोडले आणि अनसूयाबाईंना म्हणाल्या, जी घरात आहे तिच्या नावानं बाहेरची बाई कशी बसेल.

पुढचे दिवस असे गेले की अवंतिकानं ते वैऱ्यालाही दिले नसते. श्रीरंग मधला स्क्रीन पुसेनासा झाला. आवाज कुणी बदलला, का बदलला, याबद्दल त्यानं एक शब्द विचारला नाही. तो दुपारी जेवायला घरी येऊ लागला. गजरे आणू लागला. तिच्यासमोर बसून म्हणायचा, सांग ना, आज काय काय केलंस, आणि ती सांगू लागली की डोळे मिटून घ्यायचा. तिला वाटायचं, उघड, एकदा उघड, बोलणारी मी आहे. तो उघडायचा नाही. त्याचे ओठ हलायचे. ती दोन वर्षं ज्यासाठी झुरत होती ते सगळं तिच्या पुढ्यात वाढलं होतं, आणि त्यातला एक घास तिचा नव्हता.

सकाळी दुकान उघडलं की आता तीच दारातल्या घुमटाखाली जाऊन उभी राहायची. तिचा स्वतःचा आवाज इतरांना ऐकू येईल असा जगात तेवढ्याच ठिकाणी उरला होता. तिथे तो रोज कोणाला तरी सगळं देऊन टाकत होता.

मग तिनं ठरवलं. हेव्यात माणूस काय काय ठरवतं. तुला ती भेटते ना माझ्या तोंडून, मग तोंडच उघडणार नाही. उपाशी राहा दोघंही. त्या दिवसापासून तिनं बोलणं टाकलं. काही हवं असलं तर बोटानं दाखवायची. दुकानात मुलींना खुणा करायची, घसा बसलाय म्हणून. श्रीरंगनं आधी विनवलं, मग रागावला, मग रात्रभर येरझाऱ्या घातल्या. तिला त्याची कीव आली नाही. उलट पहिल्यांदाच तिला वाटलं की पारडं आपल्याकडे झुकतंय. तो सुकत चालला होता आणि ती बघत होती.

नवरात्र बसलं. घट मांडून झाले होते, सकाळची वेळ होती, घरात धुपाचा वास होता. अनसूयाबाई देवळात गेल्या होत्या. अवंतिका स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बाहेरच्या खोलीत श्रीरंग एकटाच होता, गेले दोन-तीन दिवस बसायचा तसा, भिंतीकडे तोंड करून.

तो काहीतरी म्हणाला.

फोनवर असेल, तिला वाटलं. तिनं मान वळवली. त्याचा फोन इथेच, ओट्यावर, चार्जिंगला लावलेला होता.

"हो," तो म्हणाला. थांबला. "नाही गं, आता बरं वाटून राहिलं." पुन्हा थांबला, समोरच्याचं ऐकून घेताना थांबतो तसा.

अवंतिकाच्या हातातली गाळणी खाली गेली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं हात उचलून गळ्यावर ठेवला. आत, बोटांखाली, गळा थरथरत होता, माणूस बोलताना थरथरतो तसा. तिनं दोन्ही हातांनी दाबला. तरी तो थरथरत राहिला, मध्ये जरा थांबला, जसं काही विचारून उत्तराची वाट बघावी.

बाहेर खुर्ची करकरली. श्रीरंग मागे रेलून बसला असावा. त्याचा आवाज आला, निवांत, घरगुती.

"अवंतिका ना? ती काय... ती आजकाल बोलतच नाही गं."